तपासणी आधी नवऱ्याची: वीर्याचा रिपोर्ट कसा वाचायचा

गेल्या पावसाळ्यात आमच्या लॅबमध्ये एक जोडपं आलं. लग्नाला सहा वर्षं झालेली. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत जाडजूड फाइल. गर्भनलिकांचा एक्स-रे दोनदा, दुर्बिणीची तपासणी एकदा, थायरॉइडचे रिपोर्ट, आणि अंडं कधी फुटतं ते बघायला केलेल्या सोनोग्राफ्या तर कितीतरी. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "यांचा आधीचा रिपोर्ट कुठाय?" ती नवऱ्याकडे बघायला लागली आणि तो भिंतीवरच्या दरपत्रकाकडे. सहा वर्षांत त्याच्या नावाचा एकही कागद झाला नव्हता.

मी पंधराएक वर्षं तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. वीर्याचे नमुने मीच बघते. पहिल्यांदा येणारे बरेच पुरुष दारातच विचारतात, "इथे कुणी जेन्ट्स नाहीत का?" त्यांचा संकोच मला कळतो. पण या संकोचापायी बायकांच्या आयुष्याची वर्षं जाताना बघितली आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

मूल राहत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये कारणाचा काही ना काही वाटा पुरुषाकडे असतो. कधी एकट्या पुरुषाकडे, कधी दोघांकडे मिळून. आणि ही अडचण दुर्मिळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. पुरुषाच्या पहिल्या तपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही, पोटात काही घालावं लागत नाही. बाईच्या नळ्या तपासताना काय कळा येतात ते एकदा तिलाच विचारा. मग आधी कोणाची तपासणी व्हायला हवी, हे सांगावं लागू नये. निदान दोघांची एकाच वेळी तरी.

आपल्या भाषेत बाईसाठी वांझ, वांझोटी असे शब्द आहेत. पुरुषासाठी रोजच्या बोलण्यात तसा शब्दच नाही. जो वापरतात, नपुंसक, तो वेगळ्याच गोष्टीचा आहे. संबंध ठेवता येणं ही एक गोष्ट, वीर्यात शुक्राणू असणं ही दुसरी. ज्याचा काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, शून्य आहे त्याचं लैंगिक आयुष्य अगदी व्यवस्थित असू शकतं. वीर्य दिसायलाही नेहमीसारखंच असतं, कारण त्यातला बहुतेक द्रव वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो, शुक्राणूंचा वाटा त्यात अगदी थोडा. नसबंदी झालेल्या पुरुषाला म्हणूनच काही फरक जाणवत नाही. वीर्य घट्ट आहे की पातळ, यावरून शुक्राणूंचा अंदाज लागत नाही. "धात पातळ झाली" म्हणून चूर्णं विकणाऱ्यांच्या जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीवर मी लहानपणापासून बघते आहे. त्यातल्या एकानेही कुणाला मायक्रोस्कोपखाली बघून घ्या म्हणून सांगितलेलं नाही.

तपासणी कधी करायची? कुठलंही साधन न वापरता वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत तर. बायको ३५ च्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच. आणि लहानपणी वृषण खाली उतरलं नव्हतं, हर्नियाचं किंवा हायड्रोसीलचं ऑपरेशन झालं आहे, वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषण सुजलं होतं, कॅन्सरची औषधं घेतली आहेत, असं काही असेल तर वर्षभर थांबूच नका.

नमुना देताना

रिपोर्ट चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. आधी २ ते ७ दिवस वीर्य बाहेर पडलेलं नसावं. कमी दिवस झाले तर काउंट कमी दिसतो, फार दिवस झाले तर हालचाल मंदावते. लॅबने दिलेल्या स्वच्छ, कोरड्या डबीतच नमुना घ्यायचा. डबी धुऊ नका, कारण थेंबभर पाण्यानेसुद्धा शुक्राणू मरतात. साबण, तेल, थुंकी काही लावू नका. नेहमीचा कंडोम वापरून आणू नका, त्यावरचं रसायन शुक्राणूंना मारक असतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिला भाग सांडला असेल तर तसं सांगा. सर्वांत जास्त शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. लाजेपोटी लपवलं तर तुमच्या नावावर नको तो आजार चिकटतो.

शक्यतो लॅबमध्येच नमुना द्या. घरून आणायचा असेल तर अर्ध्या तासात, जास्तीत जास्त तासाभरात पोचवा, आणि शर्टाच्या आतल्या खिशात अंगाशी धरून आणा. थंडीच्या दिवसात गाडीच्या डिकीत ठेवून आणलेल्या डब्या मी बघितल्या आहेत. एकदा एकाने काळजीने बर्फात ठेवून आणली होती, दूध नासू नये म्हणून ठेवतात तशी. तो नमुना घेताच आला नाही. चूक त्याची नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मायक्रोस्कोपखाली काय दिसतं

नमुना आला की तो लगेच बघत नाही. ताजं वीर्य जेलीसारखं गोळा झालेलं असतं. साधारण अर्ध्या तासात ते आपोआप पातळ होतं. मग डबी हलकेच फिरवून एक थेंब काचेवर घ्यायचा, वर पातळ काच ठेवायची आणि ४०० पट मोठं करून बघायचं.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला डबक्यातली बेडकाची पिल्लं आठवली होती. काही सरळ रेषेत सुसाट जातात. काही गोल गोल फिरतात. काही जागच्या जागी शेपूट हलवत राहतात. काही निपचित पडलेले असतात. रिपोर्टवर 'प्रोग्रेसिव्ह मोटिलिटी' म्हणून जे लिहितो ते म्हणजे पुढे सरकणारे किती. मूल राहण्याच्या दृष्टीने कामाचे तेच, कारण पुढचा रस्ता लांबचा असतो. १६७७ साली हॉलंडमध्ये अँटनी व्हॅन लेवेनहूकने स्वतः घासलेल्या भिंगातून हे पहिल्यांदा निरखलं. बीज काय असतं ते जगाने तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

मोजणी वेगळ्या जाड काचेवर होते. तिच्यावर बारीक चौकोन कोरलेले असतात. शुक्राणू पळत राहिले तर मोजता येत नाहीत, म्हणून नमुना पातळ करून त्यांना आधी थांबवायचं, मग एकेका चौकोनातले हाताने मोजायचे. नियमाप्रमाणे किमान २०० मोजावे लागतात, आणि तेही दोनदा. शेवटी एक थेंब काचेवर पसरून, रंग देऊन आकार बघायचा: डोकं लंबगोल आहे का, मान सरळ आहे का, शेपूट एकच आहे का. हे सगळं नीट करायला वेळ लागतो. नमुना दिल्यावर दहा मिनिटांत हातात पडलेल्या रिपोर्टवर माझा विश्वास बसत नाही, कारण तेवढ्या वेळात बहुतेक वीर्य पातळसुद्धा झालेलं नसतं.

आता आकडे. रिपोर्टवर 'मिलियन' लिहिलेलं असतं, एक मिलियन म्हणजे १० लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळा पुस्तिकेची सहावी आवृत्ती २०२१ साली आली. तिच्यातल्या खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिली, दर मिलीमध्ये १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३९ मिलियन, हालचाल करणारे ४२ टक्के, एकूणातले पुढे सरकणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के.

हो, फक्त ४ टक्के. "मॅडम, ९५ टक्के खराब आहेत" म्हणत घाबरून आलेल्या कितीतरी जणांना मी हे समजावलं आहे. माणसाच्या शुक्राणूंत बेढब आकाराचे बहुसंख्येने असतातच, मुलं झालेल्या पुरुषांतसुद्धा.

या रेषा कशा आखल्या तेही समजून घ्या. ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांचे नमुने तपासले आणि सगळ्यात खालचे ५ टक्के जिथे संपतात तिथे रेघ मारली. याचा अर्थ रेघेखालचे ते ५ टक्के पुरुषही बापच होते. रेघेखाली आलात म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, वर आलात म्हणजे होईलच असंही नाही. वाट किती सोपी किंवा अवघड आहे, एवढंच त्यावरून कळतं. काही रिपोर्टवर अजूनही २० मिलियन ही मर्यादा छापलेली दिसते. ती १९९९ च्या आवृत्तीतली जुनी आहे. १८ मिलियन आले म्हणून तिथे 'कमी' लिहिलं असेल तर तेवढ्यावर औषधं सुरू करू नका.

अजून एक गोष्ट, 'पस सेल', म्हणजे पुवाच्या पेशी. वीर्यात गोल पेशी दिसल्या की काही ठिकाणी सरसकट पस सेल लिहून मोकळे होतात आणि पेशंटला महिनाभर अँटिबायोटिक सुरू होतं. त्या गोल पेशी बऱ्याचदा अर्धवट वाढलेले शुक्राणूच असतात. वेगळा रंग दिल्याशिवाय फरक कळत नाही. पस सेल जास्त आणि त्रास काहीच नाही, असं असेल तर हे विचारून घ्या.

एका रिपोर्टवर कुठलाही निष्कर्ष काढू नका. शुक्राणू तयार व्हायला वृषणात ७० हून जास्त दिवस लागतात. मग वृषणाला चिकटून असलेल्या, उलगडली तर सहाएक मीटर भरेल अशा वेटोळ्या नळीतून पुढे येताना तो पोहायला शिकतो. सगळं धरून तीन महिने. म्हणजे आजचा रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीपासूनची गोष्ट सांगत असतो. दिवाळीत टायफॉइड झाला असेल तर त्याचा परिणाम संक्रांतीच्या रिपोर्टवर दिसू शकतो. उसाच्या गाड्या ओढणाऱ्या एका तरुणाचा काउंट ४ मिलियन आला होता. विचारपूस केल्यावर कळलं की दीड महिन्यापूर्वी डेंग्यूने तो आठ दिवस तापाने फणफणला होता. डॉक्टरांनी त्याला औषध न देता तारीख दिली. त्या तारखेला तो आला आणि ३८ मिलियन निघाले.

निल

रिपोर्टवर 'निल' लिहिताना आजही माझा हात थांबतो. काचेवर एकही शुक्राणू दिसला नाही तरी लगेच निल लिहायचं नसतं. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून तळाशी बसलेला गाळ बघायचा, सगळी काच शोधायची. त्यात दोन-चार जरी सापडले तरी त्या माणसाचं पुढचं सगळं बदलतं. आणि दुसरा नमुना बघितल्याशिवाय ठाम सांगायचं नाही. तुमच्या रिपोर्टवर निल असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: गाळ बघितला होता का?

साधारण शंभरातल्या एका पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू नसतात. तिथून पुढे सगळा शोध एकाच प्रश्नाचा: विहीर आटली आहे की पाइप तुंबला आहे? शुक्राणू तयारच होत नाहीत, की तयार होतात पण बाहेर येत नाहीत?

याचं उत्तर बरंचसं डॉक्टरांच्या हातांनीच मिळतं. वृषणाचा आकार, वेटोळी नळी फुगली आहे का, वीर्यवाहिनी, म्हणजे शुक्राणू पुढे नेणारी नळी, बोटांना लागते का. ती शिजवलेल्या शेवयासारखी मऊ नसते, ताठ दोरीसारखी चिमटीत येते. पुरुषाला न तपासता नुसत्या रिपोर्टवर औषध लिहून देणाऱ्यांकडे पुन्हा जाऊ नका.

रक्तात एफएसएच हे हार्मोन बघतात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वृषणाला "शुक्राणू बनव" असा निरोप या हार्मोनमधून पाठवते. वृषण ऐकत नसेल तर निरोपाचा जोर वाढतो. म्हणून एफएसएच वाढलेलं आणि वृषण लहान असेल तर विहिरीतच पाणी कमी. एफएसएच ठीक, वृषण भरलेलं आणि तरी निल असेल तर पाइप तुंबल्याचा संशय जास्त. एफएसएच अगदीच कमी असेल तर निरोपच निघत नाही. हा प्रकार कमी आढळतो, पण त्यावर इंजेक्शनं आहेत आणि महिनोन् महिने चिकाटीने घेतली तर शून्यावरून शुक्राणू येऊ शकतात.

पाइप तुंबण्याची कारणं आपल्याकडची ओळखीचीच आहेत: जुना जंतुसंसर्ग, क्षयरोग, लहानपणीच्या हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये दुखावलेली वीर्यवाहिनी. कधी पाइप तुंबलेला नसतो, पाणी उलट जातं. जुना मधुमेह किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेल्यांत वीर्य मागे मूत्राशयात जातं. संबंधानंतरची लघवी तपासली की त्यात शुक्राणू सापडतात.

विहीरच आटली असेल तर गुणसूत्रांची तपासणी लागते. काही पुरुषांत एक्स गुणसूत्र एक जास्त असतं, त्याला क्लाइनफेल्टर म्हणतात. अनेकांना ते आयुष्यात पहिल्यांदा याच निमित्ताने कळतं. काहींच्या वाय गुणसूत्राचा छोटा तुकडा गळलेला असतो. या तुकड्यांना ए, बी, सी अशी नावं आहेत. ए किंवा बी पूर्ण गळला असेल तर ऑपरेशन करून वृषणात शुक्राणू शोधण्यात अर्थ उरत नाही. फक्त सी गळला असेल तर बऱ्याच जणांत ते सापडतात, मात्र तोच दोष मुलग्याकडे जातो. म्हणून ही रक्ततपासणी ऑपरेशनच्या आधी, नंतर नाही. यात एक ऑपरेशन आणि बराच पैसा वाचू शकतो.

गेल्या काही वर्षांत एक नवीन गट दिसायला लागला आहे. पंचविशीतले, दंड भरलेले, जिममध्ये जाणारे, आणि रिपोर्ट निल. जिममधल्या कुणीतरी टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं दिलेली असतात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाचं हार्मोन, मग त्याने शुक्राणू वाढतील असं कुणालाही वाटेल. होतं उलटं. बाहेरून आलेलं हार्मोन बघून मेंदूला वाटतं की भरपूर आहे, आणि तो वृषणाला निरोप पाठवणंच बंद करतो. इंजेक्शनं बंद केल्यावर बहुतेकांचं पुन्हा सुरू होतं, पण सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं लागतात, आणि सगळ्यांचं होतंच असं नाही. डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा. काही डॉक्टरसुद्धा अशक्तपणा म्हणून हे इंजेक्शन देतात. मूल हवं असलेल्या माणसाने ते घेऊ नये.

काउंट कमी असलेल्यांत सगळ्यात जास्त कानावर पडणारा शब्द म्हणजे व्हेरिकोसील, वृषणाच्या शिरा फुगणं. बहुतेक वेळा डावीकडे, कारण डावी शीर वर किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त मागे साचतं. पण साधारण १५ टक्के पुरुषांना ते असतंच, मुलं झालेल्यांनाही. हाताला जाणवणारं व्हेरिकोसील आणि बिघडलेला रिपोर्ट असं दोन्ही असेल तर ऑपरेशनचा विचार होतो. फक्त सोनोग्राफीत दिसलं म्हणून ऑपरेशन करू नये.

काउंट वाढवायच्या गोळ्यांबद्दल रोज विचारतात. व्हिटॅमिन आणि अँटिऑक्सिडंटच्या महागड्या गोळ्यांनी मूल राहण्याची शक्यता वाढते याला भक्कम आधार नाही. तंबाखू, गुटखा, सिगारेट, दारू सोडणं, वजन कमी करणं, मांडीवर लॅपटॉप ठेवून तासन् तास न बसणं, हे फुकट आहे आणि त्याचा उपयोग होऊ शकतो.

शुक्राणू थोडेच असले तरी आता रस्ता आहे. १९९२ पासून इक्सी हे तंत्र आहे. त्यात एकच शुक्राणू बारीक सुईने अंड्यात सोडतात, आणि तो थेट वृषणातून काढलेला असला तरी चालतो. आणि कशानेही शुक्राणू मिळाले नाहीत तर दात्याचा मार्ग आहे. २०२१ च्या कायद्याप्रमाणे दाता २१ ते ५५ वयाचा हवा आणि नमुना नोंदणीकृत बँकेतूनच यायला हवा. "दिराचं चालेल का" असं सासू दबक्या आवाजात विचारते, तेव्हा हा कायदा सांगावा लागतो. त्याआधी हे विचारावंसं वाटतं, की हा निर्णय त्या दोघांचा आहे ना?

आता त्या जोडप्याकडे येते. त्याचा नमुना ०.८ मिली होता, आंबटपणाकडे झुकलेला. गाळातही काही नाही. मी फ्रुक्टोज बघितलं. वीर्यकोशातून येणारी ही साखर नेहमीच्या नमुन्यात असते, त्याच्यात नव्हती. कमी वीर्य, आम्ल, साखर नाही, शुक्राणू नाहीत, हे चारही एकत्र आले की जन्मापासून वीर्यवाहिनीच नसल्याची दाट शंका येते. दुसरा नमुनाही तसाच निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी हाताने तपासलं आणि दोन मिनिटांत सांगितलं: दोन्ही बाजूंना वीर्यवाहिनी नाही. वृषण मात्र उत्तम, विहीर भरलेली. अशा काही जणांना एक किडनीही नसते म्हणून पोटाची सोनोग्राफी झाली. हा दोष सीएफटीआर नावाच्या जनुकाशी जोडलेला असतो आणि तो दोघांकडून आला तर बाळाला फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून दोघांची रक्ततपासणी झाली. मग सुईने शुक्राणू काढले आणि इक्सी केलं.

मध्ये एकदा ती फ्रुक्टोजचा रिपोर्ट घ्यायला एकटीच आली होती. तिने फाइल उघडून सगळे कागद तारखेप्रमाणे लावले. नळ्यांचा पहिला एक्स-रे सगळ्यात खाली गेला, साडेपाच वर्षांपूर्वीचा. त्यावर लिहिलं होतं, दोन्ही नळ्या मोकळ्या.